बटणचं माप

४ ऑक्टोबर

विहीणबाईंना नमस्कार.

पत्र पाहून दचकू नका. सगळे बरे आहेत. फोन करता आला असता, पण फोनवर आपण दोघी फार गोड बोलतो आणि ठरत काहीच नाही.

आपल्या बटणच्या बालवाडीची सहल डोंगरावर जाणार आहे, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात. वर थंडी असते. गेल्या हिवाळ्यात मी तिच्यासाठी स्वेटर विणला आणि तुम्हीही विणलात. दोन्ही एकाच आठवड्यात पोचले. तुमचा तिने घातला, माझा कपाटात राहिला. तक्रार नाही. तुमच्यावर ससा होता. यंदा वाटून घेऊ. स्वेटर मी करते, कानटोपी आणि हातमोजे तुम्ही करा. लोकर एकच घेतली म्हणजे जोड दिसेल. करड्या निळ्या रंगाचे दोन गुंडे सोबत पाठवते.

आता मापाचं. आमच्याकडे फूटपट्टी चालत नाही. मुलगी लहान असल्यापासून मी लोकरीचा धागा तिच्या अंगाला लावून कापत आले. एक गाठ म्हणजे छाती, दोन म्हणजे बाही, तीन म्हणजे डोकं. आता ती बटणचे दोरे कापून मला पाठवते. यंदाचे आले आहेत. टोपी आणि स्वेटर एकाच पोरीचे वाटावेत म्हणून त्यांच्या बरोबरीने कापून तुम्हालाही तीन दोरे पाठवले आहेत. तुमच्या सुनेला म्हटलं होतं, सासूबाईंनाही दोरे धाड. तिचे आले असतील तर माझे ठेवून द्या.

जन्मभर पुस्तकं शिवण्याचं काम केलं. पान फार भरलं की कडा कापावीशी वाटते. थांबते.

बटणची आईकडची आजी


१२ ऑक्टोबर

विहीणबाई, नमस्कार.

तुमचं पत्र ह्यांनी आधी फोडलं. पाकिटावरचं रेखीव अक्षर पाहून त्यांना वाटलं, वकिलाची नोटीस आली.

वाटणी मान्य. मोठा कपडा तुमच्याकडे आणि किरकोळ माझ्याकडे, हे दिसलं मला. तरी मान्य. ससा पुन्हा कधीतरी.

दोरे माझ्याकडेही आले आहेत. सुनेने नाही, मुलाने पाठवले. पाकिटावर त्याचं अक्षर. गाठीही त्यानेच मारलेल्या, कारण त्या सुटता सुटत नाहीत. ज्याला शर्टाचं बटण लावता येत नव्हतं तो आता बटणचं माप घेतो. वळण लावलेलं उशिरा का होईना, दिसतं.

तुमचे निळे दोरे आणि त्याचे हिरवे, टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. डोक्याचे जुळतात. छातीचा त्याचा चार बोटं जास्त आहे. बाहीचाही जास्त आहे, बराच. पोरगी एकच आहे. लोकर ताणते, विहीणबाई. कापताना तुम्ही ओढून धरली असणार. वॉर्डात मी नव्या नर्सना सांगायची, पट्टी बांधताना पेशंटला श्वास सोडू द्या, तुमचा आवेश त्याच्या छातीवर नको.

रागावू नका. स्वेटर तंग झाला तर माझी टोपीही वाईट दिसेल, म्हणून लिहिलं.

बटणची बाबांकडची आजी


२० ऑक्टोबर

विहीणबाईंना नमस्कार.

मी रागावले नाही. रागावले असते तर फोन केला असता.

मुलीने पाठवलेले मूळ दोरे माझ्याजवळ आहेत. तुम्हाला पाठवले त्यांच्या जोडीचा एक संच मी ठेवला होता. दोन्ही पुन्हा एकमेकांना लावून पाहिले. तसूभर फरक नाही. माझ्या हातात धागा ताणत नाही. ताणला असता तर इतक्या पुस्तकांच्या पाठी उसवल्या असत्या.

तुमच्या मुलाने माप कोटावरून घेतलं असेल, असं आधी म्हणणार होते. पण मग बाहीचं काय? कोट घातला म्हणून हात लांब होत नाही.

दुसरं, ती हिरवी लोकर. मुलीच्या घरात लोकरीची एकच पेटी आहे आणि ती मी भरून दिलेली आहे. तीत हिरवी नाही. मग तुमच्या मुलाने ही आणली कुठून?

मुलीला विचारलं. ती पटकन म्हणाली, "असेल कुठलीतरी, आई." माझी मुलगी कशालाच पटकन उत्तर देत नाही. चहा हवा का विचारलं तरी आधी खिडकीबाहेर बघते.

तुम्हाला काही ठाऊक असेल तर कळवा. नसेल तर तसं कळवा. दोन्हीतला फरक मला कळेल.

बटणची आईकडची आजी


२९ ऑक्टोबर

विहीणबाई,

मला काय ठाऊक असणार? हिरवी लोकर दुकानात मिळते. तुम्ही पुस्तकं शिवत होतात की चोर पकडत होतात?

टोपी अर्धी झाली. कानांपाशी दुहेरी करते आहे. ह्यांना लड धरून बसवते तेव्हा ते म्हणतात, अटक झाल्यासारखं वाटतं.

मुलाचा रविवारी फोन असतो. मजेत आहे. बटणने मला एक गाणं म्हणून दाखवलं, निम्मं. सून बाजारात गेली होती.

तुमचा स्वेटर कुठवर आला?

बटणची बाबांकडची आजी

ता. क. ह्यांनी विचारायला सांगितलं आहे: तुमची मुलगी सध्या तुमच्याकडे येऊन जाऊन असते का? सहज.


५ नोव्हेंबर

विहीणबाईंना,

"सहज" हा शब्द तुमच्या यजमानांचा नाही. तुमचा आहे. त्यांना यात ओढू नका, त्यांच्या हातात आधीच लड आहे.

काल फोन बटणनेच उचलला. मी विचारलं, "घरात हिरवी लोकर आहे का गं?"

"हिरवी तिकडे आहे."

"तिकडे म्हणजे कुठे?"

"तिकडे. माझा दुसरा ब्रश आहे तिथे."

मग तिच्या आईने फोन घेतला. म्हणाली, दूध उतू जातंय, नंतर करते. नंतर केला नाही.

विहीणबाई, आता आडपडदा नको. "तिकडे" म्हणजे तुमच्याकडे का? पोरीला मला न कळवता तुमच्याकडे ठेवायला लागलात का? दात घासायचा दुसरा ब्रश कोणी एका रात्रीसाठी ठेवत नाही. तुम्ही मला हातमोजे नि टोपीच्या गप्पा लिहिता, आणि पोरगी तुमच्या मांडीवर बसून लोकरीच्या गुंड्याशी खेळते आहे, असं माझ्या डोळ्यांपुढे येतं. म्हणून तुमचा दोरा लांब आणि माझा आखूड. तुम्हाला ताजं माप मिळतं, मला जुनं.

मला एकच नात आहे. उद्या तिच्या आईबापांत काही बिनसलं तर पोर कोणत्या अंगणात खेळेल आणि कोणाच्या वाट्याला नुसते फोटो येतील, हे मला समजतं. फोटो माझ्या वाट्याला येतील. ते मी होऊ देणार नाही.

खरं काय ते लिहा.

बटणची आईकडची आजी


११ नोव्हेंबर

विहीणबाई,

पोरगी माझ्याकडे नाही. गेल्या फेब्रुवारीची सुट्टी माझ्याकडे काढून गेली, त्यानंतर मी तिला पाहिलेलं नाही. माझ्या मांडीवर आहे ती तुमचीच करडी निळी लोकर.

आता माझं ऐका. ऑगस्टपासून रविवारी सून फोनवर येत नाही. कधी आंघोळीला गेलेली असते, कधी बाजारात, कधी शेजारी. वॉर्डात पेशंटचे नातेवाईक असंच सांगायचे, "ते आत्ताच बाहेर गेले," आणि आम्ही समजून घ्यायचो. मीही समजले. मला वाटलं, ती पोरीला घेऊन माहेरी आली आहे. तुमच्याकडे. आणि तुम्ही तिला शिकवता आहात.

तुमचं पहिलं पत्र आलं तेव्हाच मी ह्यांना म्हटलं, या बाईला एकाएकी टोपीचा कळवळा का आला? आमच्याकडची बित्तंबातमी काढायला. म्हणून मी बेताने लिहीत आले. "मुलीने पाठवले, मुलीला विचारलं" असं तुम्ही लिहिता. मुलीला कुठे विचारलंत? तुमच्या स्वयंपाकघरात?

ती तिथे असेल तर सांगा. मी आरडाओरडा करणार नाही. पोरीला खोकला आहे का, एवढंच विचारेन. गाणं म्हणताना मधेच थांबली होती.

बटणची बाबांकडची आजी


१६ नोव्हेंबर

विहीणबाई,

माझ्या स्वयंपाकघरात असती तर मला दोरा कशाला लागला असता? पोरीला समोर उभी केली असती.

हे वाक्य लिहिलं आणि पेन खाली ठेवलं. तुमचंही तेच आहे. ती तुमच्याकडे असती तर मुलाने टपालाने गाठी पाठवल्या नसत्या.

म्हणजे ती तुमच्याकडे नाही आणि माझ्याकडे नाही. त्यांच्याच शहरात दोन घरं आहेत. एकात माझी मुलगी माप घेते, दुसऱ्यात तुमचा मुलगा. पोरगी दोन्हीकडे दात घासते. आपल्याला दोघांनीही सांगितलेलं नाही, आणि आपण गेला महिनाभर एकमेकींच्या घरात तिला शोधतो आहोत.

खोकल्याचं मला माहीत नाही. मलाही ती अर्धंच गाणं म्हणून दाखवते. पुढचं येत नाही तिला.

एक विनंती. सहल होईपर्यंत दोघींपैकी कोणी काही विचारायचं नाही. जायचंही नाही. स्वेटर आणि टोपी नीट पोचू दे. आत्ता खोदलं तर ते दोघं दारं लावून घेतील आणि आपण बाहेर राहू. एवढं वचन द्या.

स्वेटर उद्या टपालात पडेल. मुलीचंच माप धरलं. तिच्यावर विश्वास आहे म्हणून नव्हे. लोकर अंगावर सैल होते म्हणून.

बटणची आईकडची आजी


१४ डिसेंबर

विहीणबाई,

उत्तराला उशीर झाला. तुम्ही वचन मागितलंत. मी दिलं नव्हतं, हे ध्यानात घ्या.

मी गेले. टोपी आणि हातमोजे पिशवीत घातले, ह्यांना सांगितलं की दाताच्या डॉक्टरांकडे जाते, आणि गाडीत बसले. पाकिटामागे मुलाने पत्ता लिहिला नव्हता. पण त्याच्या कचेरीचा पत्ता मला माहीत होता. संध्याकाळी तो बाहेर पडला, त्याने बालवाडीतून पोरीला घेतलं आणि मी त्यांच्यामागून चालत गेले. माझ्या वयाच्या बाईकडे कोणी वळून बघत नाही, त्याचा उपयोग झाला.

कपडे धुण्याच्या दुकानावरची एक खोली आहे. जिन्यात साबणाची वाफ. दार उघडून त्याने मला पाहिलं.

"आई, फोन तरी करायचास."

मी म्हटलं, "फोनवर तू घरी असतोस."

खोली स्वच्छ आहे. एक मोठी खाट, एक लहान. भिंतीवर बटणच्या उंचीला एक खुंटी. हिरवी लोकर ही धड लोकरही नाही. खालच्या दुकानात धुतलेल्या कपड्यांचे गठ्ठे बांधतात ती दोरी. दुकानदार पोरीला तुकडे देतो. ती त्यांच्या वेण्या घालून खाटेच्या पायांना बांधते.

त्याला म्हटलं, माझ्यासमोर माप घे. पोरगी न सांगता स्टुलावर चढली आणि हात वर केले. तो दोऱ्याच्या आत स्वतःची चार बोटं घालतो. म्हणाला, "तिला श्वास घेता यायला हवा ना." बाही मनगटाशी थांबवत नाही, बोटांच्या टोकांपर्यंत नेतो. "हात गार पडतात तिचे." तेव्हा जास्तीची ती चार बोटं माझ्या मुलाची होती. तुम्ही धागा ओढला नव्हता. हे मी लिहून देते, जपून ठेवा.

तो पाणी आणायला गेला तेव्हा पोरीने माझ्या कानाशी येऊन विचारलं, "तू कुठल्या घरची आजी?" मी वॉर्डात मरणारी माणसं पाहिली आहेत आणि त्यांना उत्तरं दिली आहेत. हिला म्हटलं, "टोपीची."

टोपी तिने घातली, आरशात पाहिली, काढली आणि हातमोज्यांसकट खुंटीला लावली. इकडची वस्तू इकडे, तिकडची तिकडे, असा नियम आहे. दोघांनी मिळून केलेला, वाद नको म्हणून. तुमचा स्वेटर तिकडे आला होता. टोपी आणि हातमोजे इकडे. मी परतले त्याच्या दुसऱ्या दिवशी ती आईकडे गेली आणि तिथून सहलीला. अंगात तुमचा स्वेटर, डोकं आणि हात उघडे. डोंगरावर वारा होता. कान दुखला, ताप आला. आता उतरला आहे.

मला हे डोक्यातून जात नाही. आपण कपड्यांची वाटणी केली आणि त्यांनी घरांची. पुढच्या वेळी दोघींनी अख्खा जोड करायचा.

ते भांडत नाहीत, विहीणबाई. दिवस, भांडी, ब्रश, सगळं इतकं नीट वाटून घेतलं आहे की भांडायला काही उरलेलंच नाही. मला त्याचं जास्त वाईट वाटलं.

बटणची बाबांकडची आजी


२१ डिसेंबर

विहीणबाईंना नमस्कार.

कान दुखल्याचं मला ठाऊक होतं. ते कसं, ते पुढे लिहिते.

आधी तुमच्या पत्राचं. जिना, साबण, खुंटी, स्टूल, सगळं डोळ्यांपुढे आलं. तुमच्या मुलाच्या चार बोटांवर मी बराच वेळ थांबले. माझ्या मुलीच्या हाताखाली पोरीला श्वास घेता येत नाही, असं त्याने म्हटलेलं नाही, हेही पाहिलं. पण एवढ्या लांब पत्रात फेब्रुवारीच्या सुट्टीचं एक अक्षर नाही.

दरवर्षी बालवाडीच्या सुट्टीचा तो आठवडा आळीपाळीने एका आजीचा असतो. आता उरलेलं वर्ष दिवसादिवसाने वाटलं गेलं आहे. आजीला मिळेल असा तो एकच आठवडा राहिला. तुम्ही मुलाचा पाठलाग करत गेलात, जिना चढलात, आणि तो आठवडा न मागता परत आलात, हे मी मानणार नाही. शब्द घेतलात ना त्याच्याकडून?

गेल्या फेब्रुवारीत ती तुमच्याकडे होती. हे तुम्हीच लिहून दिलेलं आहे.

आता माझं. सोळा नोव्हेंबरला मी तुम्हाला लिहिलं, कोणी काही विचारायचं नाही. ते पत्र पेटीत टाकलं, घरी आले आणि मुलीला फोन केला. म्हटलं, "दोन घरं आहेत ना?" तिने आधी खिडकीबाहेर पाहिलं असावं. मग सगळं सांगितलं. मी तिला समजावलं नाही, रागावलेही नाही. फेब्रुवारीचा आठवडा मागून घेतला. तिने दिला. तेव्हापासून ती मला रोज फोन करते, आणि कान दुखल्याचं तुमच्या आधी मला कळलं ते असं. तुम्हाला मी वचनात बांधत होते, कारण मला आधी पोचायचं होतं.

तर एकच आठवडा दोघींना कबूल झाला आहे. त्या दोघांना ते अजून माहीत नाही. कळलं की एकाला आपल्या आईला दिलेला शब्द मोडावा लागेल. ज्यांना भांडायला काही उरलं नव्हतं त्यांना आपण ते पुरवू. आणि मग ते तो आठवडाही वाटून टाकतील. मधोमध.

म्हणून तुम्ही माझ्याकडे या. आठवडा एक, आजी दोन. घर लहान आहे, पण माझ्याकडे जास्तीची खाट आहे. उशी तुमची तुम्ही आणा, माझ्या कडक असतात. मुलाला सांगा की सुट्टीत पोरगी तुमच्यासोबत असेल. मी मुलीला सांगेन की ती माझ्यासोबत असेल. दोघींनाही खोटं बोलावं लागणार नाही.

पोरीला शनिवारी आणतील. तुम्ही सोमवारी पोचा. मधे एक दिवस तिला प्रवासाचा शीण काढू दे.

बटणची आईकडची आजी


२ जानेवारी

विहीणबाई,

हो, शब्द घेतला होता. जिन्यात, निघताना, तो माझी पिशवी धरून उभा असताना. नाही म्हणणं त्याला कठीण जाईल असं पाहून मागितला. तुमचं पत्र वाचून ह्यांना दाखवलं. ते म्हणाले, दोन सरकारांनी याहून कमी अक्कल लावून तह केलेले आहेत.

येते. ह्यांना आणत नाही, ते घोरतात. उशी आणते. मुलाला तुम्ही सांगितलंत तेवढंच सांगितलं. तो म्हणाला, "बरं झालं, आई." कशाबद्दल ते मी विचारलं नाही.

सोमवारचं मात्र कळलं. शनिवार आणि रविवार तुम्हाला एकटीला हवे आहेत. शीण पोरांना नसतो, विहीणबाई, आपल्याला असतो.

मी शुक्रवारी संध्याकाळच्या गाडीने पोचते. किल्ली शेजारी ठेवून कुठे जाऊ नका, घरीच थांबा. शनिवारी पोरगी आली की दार तुम्हीच उघडा. घर तुमचं आहे. मी तुमच्या मागेच उभी असेन.

बटणची बाबांकडची आजी